मातांचा कैवारी

रोग्याला हात लावण्यापूर्वी डॉक्टर आपले हात धुतात. ही गोष्ट आज इतकी साधी वाटते की, तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. परंतु सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातील मोठमोठ्या विद्वान वैद्यांना हे पटत नव्हते. ते त्यांना पटवून देण्यासाठी एका माणसाने आपले सारे आयुष्य वेचले आणि अखेर त्यातच त्याचा अंत झाला. त्याचे नाव इग्नाझ फिलिप सेमेलवाइस.

हंगेरी देशात डॅन्यूब नदीच्या एका तीरावर बुडा आणि दुसऱ्या तीरावर पेश्त अशी दोन नगरे होती. १८७३ मध्ये ती एक झाली आणि बुडापेस्ट हे नाव रूढ झाले. यांपैकी बुडा नगरात १ जुलै १८१८ रोजी इग्नाझचा जन्म झाला. त्याचे वडील किराणा मालाचे व्यापारी होते. घर खाऊनपिऊन सुखी होते. दहा भावंडांत इग्नाझ पाचवा. मुलाने कायद्याचे शिक्षण घ्यावे या हेतूने त्याला १८३७ मध्ये व्हिएन्नाला पाठविण्यात आले. पण वर्षभरातच त्याचे मन कायद्याच्या पोथ्यांतून उडाले आणि वैद्यकाकडे वळले. १८४४ मध्ये तो डॉक्टर झाला. प्रसूतिशास्त्र, म्हणजे बाळंतिणीची व बाळाची काळजी घेण्याचे शास्त्र, हा विषय त्याने आपलासा केला.

व्हिएन्ना त्या काळी वैद्यविद्येची काशीच होती. तेथील सार्वजनिक रुग्णालय १७८४ पासून चालू होते. त्याचा प्रसूतिविभाग फार मोठा होता. गोरगरीब स्त्रियांची तेथे विनामूल्य शुश्रूषा होई. मोबदला एवढाच की, शिकाऊ मंडळींना त्यांना तपासू द्यावे लागे. या विभागाचे दोन कक्ष होते. १८४० पासून पहिल्या कक्षात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्या कक्षात सुइणी शिकत. स्त्रियांना भरती करण्याचे दिवस या दोन कक्षांत आळीपाळीने वाटून दिलेले होते.

जुलै १८४६ मध्ये सेमेलवाइस पहिल्या कक्षात साहाय्यक म्हणून रुजू झाला आणि पहिल्याच दिवसांत त्याला एक विपरीत दृश्य दिसले. पहिल्या कक्षाचा दिवस आहे असे कळताच दाराशी आलेल्या स्त्रिया हात जोडून, गुडघे टेकून विनवण्या करीत. त्यांची मागणी एकच असे : आम्हांला या कक्षात नको, दुसऱ्या कक्षात घ्या. काही जणींना तर वाटेतच, रस्त्यावर प्रसूत होणे बरे वाटे. त्यांच्या भीतीला कारण होते. बाळंतपणानंतर दोनचार दिवसांत ताप भरायचा, पोट फुगायचे, नाडी धावू लागायची आणि पाहता पाहता नवी आई डोळे मिटायची. या रोगाला सूतिकाज्वर म्हणत. १८४६ या एका वर्षात पहिल्या कक्षात आलेल्या ४,०१० स्त्रियांपैकी ४५९ दगावल्या. दुसऱ्या कक्षात ३,७५४ स्त्रियांपैकी १०५ दगावल्या. म्हणजे एकाच छपराखाली, एकाच शहरात, एका दाराच्या आत शेकडा अकराहून अधिक आणि दुसऱ्या दाराच्या आत शेकडा तीनहूनही कमी!

नगरातील गरीब बायकांना जे कळत होते, ते विद्वानांना कळत नव्हते असे नाही. आकडे सर्वांसमोरच होते. पण मोठे लोक त्याचे खापर हवेवर फोडीत. वातावरणात काही दूषित प्रभाव उतरतो आणि त्याने ज्वर येतो, असे ते सांगत. सेमेलवाइसला हे उत्तर पटेना. दोन्ही कक्षांवर आकाश एकच होते आणि त्यांच्यामध्ये अंतर होते ते एका दालनाचे. मग हवेने एकीकडे इतका कोप करावा आणि दुसरीकडे दया दाखवावी, हे कसे? शिवाय ज्या स्त्रिया खरोखरच रस्त्यात प्रसूत होऊन मग रुग्णालयात येत, त्यांना हा ज्वर क्वचितच होई. उघड्या रस्त्यावर जे वाचत होते ते रुग्णालयाच्या उबदार खाटेवर मरत होते. तेव्हा दोष आकाशात नसून आपल्या कक्षातच कोठेतरी असला पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले.

त्याने शोध सुरू केला. गर्दीमुळे रोग होत असेल का? पण दुसऱ्या कक्षात गर्दी अधिक होती. पहिल्या कक्षात स्त्रिया पाठीवर निजून प्रसूत होत, दुसऱ्या कक्षात कुशीवर. त्याने पहिल्या कक्षातही कुशीची पद्धत चालू केली. मृत्यू कमी झाले नाहीत. मरणोन्मुख स्त्रीला अखेरचा धर्मसंस्कार देण्यासाठी येणारा धर्मगुरू पहिल्या कक्षात अनेक खोल्या ओलांडून जाई आणि त्याच्यापुढे सेवक घंटा वाजवीत चाले. त्या घंटेच्या नादाने इतर बाळंतिणींच्या उरात धडकी भरत असेल काय? धर्मगुरूला विनंती करून त्याने घंटा बंद करविली, वाट बदलविली. तरीही काही फरक पडला नाही. कोणाला हे प्रयोग आज पोरकट वाटतील. मला मात्र त्यांत त्याची सचोटी दिसते. जी शंका मनात येईल ती तपासून पाहायची आणि खोटी ठरली की निमूटपणे सोडून द्यायची, हा त्याचा शिरस्ता होता.

या काळात त्याची मनःस्थिती फार वाईट होती. रोज सकाळी तो शवागारात जाई. आदल्या दिवशी मृत्यू पावलेल्या स्त्रियांच्या देहांचे विच्छेदन करून रोगाचे कारण शोधी आणि तेथून कक्षात येऊन जिवंत स्त्रियांना तपाशी. त्याचे विद्यार्थीही तसेच करीत. शवविच्छेदन हे त्या काळच्या नव्या वैद्यकाचे भूषण होते. रोकिटान्स्की या थोर पंडिताच्या हाताखाली व्हिएन्नात या विद्येचा मोठा उत्कर्ष झाला होता. सेमेलवाइसइतक्या निष्ठेने ते काम करणारा दुसरा साहाय्यक विरळाच. नियतीचा डाव किती क्रूर होता, हे पुढे दिसेलच.

मार्च १८४७ च्या आरंभी तो थकल्या मनाने मित्रांबरोबर व्हेनिसला गेला. परत येतो तो एक दुःखद वार्ता त्याची वाट पाहत होती. त्याचा स्नेही, न्यायवैद्यकाचा प्राध्यापक याकोब कोलेच्का, १३ मार्च रोजी मरण पावला होता. एका शवाचे विच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी कोलेच्काच्या बोटाला लागली. जखम क्षुल्लक होती. पण तिच्यातून विष भिनले आणि तो गेला. सेमेलवाइसने मित्राच्या शवपरीक्षेची टिपणे वाचावयास घेतली. वाचता वाचता तो चमकला. मृत बाळंतिणींच्या देहांत शेकडो वेळा जे त्याने पाहिले होते तेच येथे लिहिलेले होते. कोलेच्का पुरुष होता. त्याला सूतिकाज्वर होण्याचा प्रश्नच नव्हता. तरी रोग मात्र एकच! मग कोलेच्काच्या शरीरात सुरीने जे शिरले, तेच बाळंतिणींच्या शरीरात शिरत असले पाहिजे. पण त्यांना तर कोणी सुरी लावीत नव्हते. त्यांना लागत होते ते हात, शवागारातून थेट आलेले वैद्यांचे व विद्यार्थ्यांचे हात.

सारे कोडे क्षणात सुटले. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. म्हणून त्यांच्या कक्षात मृत्यू कमी. रस्त्यात प्रसूत झालेल्या स्त्रीला कोणी आधी तपासलेले नसे. म्हणून ती वाचे. रुग्णालयाच्या जुन्या नोंदी त्याने उघडल्या, तेव्हा तर त्याला आणखी एक पुरावा मिळाला. १८२२ पर्यंत योहान बोएर नावाचा गृहस्थ या विभागाचा प्रमुख होता. तो विद्यार्थ्यांना शवावर शिकवीत नसे. त्याच्या काळापर्यंतच्या एकोणचाळीस वर्षांत मृत्यूचे प्रमाण सरासरी शेकडा सव्वा एवढेच होते. १८२३ मध्ये योहान क्लाइन प्रमुख झाला, शवावरील शिक्षण आले आणि त्याच वर्षी ते प्रमाण शेकडा सातांवर गेले. ही वही कित्येक वर्षे कपाटात होती. ती चाळून पाहण्याची गरज मात्र कोणाला वाटली नव्हती.

जो वैद्य अधिक अभ्यासू, तो अधिक शवे तपासणार. आणि जो अधिक शवे तपासणार, त्याच्या हातून अधिक माता मरणार! हा निष्कर्ष काढताना सेमेलवाइसच्या काळजाचे पाणी झाले असेल. कारण सर्वांत अधिक शवे तपासणाऱ्यांत तो स्वतःच होता. दुसरा एखादा असता तर त्याने ही गोष्ट मनातच दडपली असती. सेमेलवाइसने ती पुढे आपल्या ग्रंथात स्वच्छ शब्दांत लिहिली. आपल्यामुळे किती जणी अकाली मृत्यू पावल्या याची गणती परमेश्वरालाच ठाऊक, अशी कबुली त्याने दिली आणि ही कबुली कितीही दुःखद असली तरी ती झाकून ठेवल्याने अनर्थ थांबणार नाही, असेही बजावले.

साबणाने हात धुतले तरी शवाचा वास हाताला राहतो, हे त्याला माहीत होते. वास राहतो त्या अर्थी विषाचे कणही राहतात, असे त्याने अनुमान केले. हा वास घालविणारे द्रव्य म्हणून त्याने क्लोरीनचे पाणी निवडले. ते महाग पडू लागले तेव्हा क्लोरीनयुक्त चुना आणला. पावसाळ्यात गावच्या विहिरीत जी उग्र वासाची पांढरी पूड टाकतात, तीच ही वस्तू. १८४७ च्या मे महिन्याच्या मध्यापासून पहिल्या कक्षाच्या दाराशी या पाण्याचे पात्र ठेवण्यात आले. त्यात हात नीट धुतल्यावाचून कोणीही आत पाऊल टाकावयाचे नाही, असा कडक नियम झाला.

त्याचा परिणाम आकड्यांनीच सांगावा हे बरे. एप्रिलमध्ये ३१२ स्त्रियांपैकी ५७ दगावल्या होत्या. जूनमध्ये २६८ पैकी ६ आणि जुलैमध्ये २५० पैकी ३ दगावल्या. पुढच्या, म्हणजे १८४८ या संपूर्ण वर्षात ३,५५६ पैकी ४५ दगावल्या. त्या वर्षी मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत तर पहिल्या कक्षात एकही माता मृत्यू पावली नाही.

मध्यंतरी, ऑक्टोबर १८४७ मध्ये एक मोठा धक्का बसला. एका ओळीत निजलेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा मृत्यू पावल्या. वास्तविक त्या दिवशी सर्वांनी आत येताना नियमाप्रमाणे हात धुतले होते. आपले मत खोटे ठरले म्हणून सेमेलवाइस ते सोडून देता, किंवा ही घटना नजरेआड करून मत तसेच रेटता, तरी नवल नव्हते. त्याने दोन्ही केले नाही. त्या ओळीतील पहिल्या खाटेवर कोण होते, याची त्याने चौकशी केली. तेथे कर्करोगाची एक स्त्री होती आणि तिच्या शरीरातून दूषित स्राव वाहत होता. तिला आधी तपासून, नुसत्या साबणाने हात धुऊन वैद्य पुढच्या खाटांकडे गेले होते. म्हणजे विष केवळ मृत देहातूनच येते असे नव्हे. सडत असलेल्या जिवंत शरीरातूनही ते येते. तेव्हापासून दारात एकदा हात धुणे पुरेसे मानले गेले नाही. अशा प्रत्येक रोग्यानंतर पुन्हा हात धुण्याचा नियम झाला.

एवढे लख्ख यश डोळ्यांसमोर असता जगाने त्याला डोक्यावर घ्यावयास हवे होते. काही थोर माणसांनी तसे केलेही. हेब्रा या त्याच्या मित्राने त्याच वर्षअखेरीस त्याच्या शोधाची वार्ता प्रसिद्ध केली आणि त्याची तुलना देवीची लस शोधणाऱ्या जेन्नरच्या कार्याशी केली. श्कोडा व रोकिटान्स्की हेही त्याच्या बाजूने उभे राहिले. पण विभागप्रमुख क्लाइन व त्याच्यासारखे इतर अनेक जण रागावले. रोग्याला बरे करणारे आमचे हातच रोग पसरवितात, असे कोणी म्हणावे आणि ते आम्ही ऐकून घ्यावे, हे त्यांना सहन होईना. काहींना तो क्लोरीनचा जाच नकोसा झाला. त्याने हात चुरचुरत, कातडी सोलून निघे. शिवाय जंतूंचे ज्ञान त्या वेळी कोणालाच नव्हते. सेमेलवाइसला तरी कोठे होते? विष असते, एवढेच तो सांगू शकत होता. ते दाखविणे त्याच्या हाती नव्हते.

जर्मनीतील कील येथील प्राध्यापक मिखाएलिस याची गोष्ट मात्र निराळी. त्याने सेमेलवाइसचे म्हणणे वाचले आणि आपल्या रुग्णालयात हात धुण्याचा नियम घातला. पण काही काळापूर्वीच त्याच्या नात्यातील एक तरुणी त्याच्याच हातून प्रसूत होऊन या ज्वराने गेली होती. तिच्या मृत्यूला आपणच कारण झालो, ही जाणीव त्याला असह्य झाली. त्या दुःखातच १८४८ मध्ये त्याचा अंत झाला. सत्य नाकारणारे निश्चिंत राहिले आणि स्वीकारणारा खचून गेला, हे वाचून मन विषण्ण होते.

मार्च १८४९ मध्ये सेमेलवाइसची मुदत संपली. क्लाइनने ती वाढवू दिली नाही. त्याच्या जागी कार्ल ब्राउन आला. या ब्राउनने पुढे आपल्या ग्रंथात सूतिकाज्वराची तीस कारणे दिली आणि शवाच्या विषाला त्यांत अठ्ठाविसावे स्थान दिले! १८५० मध्ये सेमेलवाइसला अध्यापनाची परवानगी मिळाली, पण ती केवळ पुतळ्यावर शिकविण्यापुरती. हा अपमान त्याच्या जिव्हारी लागला आणि कोणाचा निरोपही न घेता तो पाच दिवसांत व्हिएन्ना सोडून स्वदेशी परतला. त्याचे हे वागणे योग्य होते, असे म्हणवत नाही. ज्या मित्रांनी त्याच्यासाठी भांडणे केली होती, त्यांना ते फार लागले.

पेश्त येथील सेंट रोकुश या लहानशा रुग्णालयात १८५१ पासून तो विनावेतन काम करू लागला. तेथे सहा वर्षांत ९३३ बाळंतपणे झाली आणि सूतिकाज्वराने अवघ्या आठ स्त्रिया दगावल्या. १८५५ मध्ये तो पेश्तच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. तेथे पुन्हा एकदा ज्वराने डोके वर काढले, तेव्हा त्याने पुन्हा शोध केला. या वेळी अपराधी निघाल्या त्या न धुतलेल्या, डागाळलेल्या चादरी. १८५७ मध्ये त्याने विवाह केला. त्याचा संसार सुरू झाला, मुले झाली.

परंतु युरोपातील इतर रुग्णालयांत माता मरतच होत्या. याचा थोडा दोष सेमेलवाइसकडेही जातो. त्याला लेखनाचा मनस्वी कंटाळा होता. आपला शोध त्याने स्वतः दहा वर्षांहून अधिक काळ लिहून प्रसिद्ध केला नाही. लोकांनी तो इतरांच्या लेखांतून अर्धवट वाचला आणि अर्धवटच समजून घेतला. अखेर १८६१ सालचा म्हणून त्याचा मोठा जर्मन ग्रंथ निघाला. तो विस्कळीत होता, जागोजागी रागाने भरलेला होता. बर्लिनच्या फिर्खोसारख्या दिग्गजाने त्याला विरोध केला. मग सेमेलवाइसचा तोल गेला. त्याने नामांकित प्राध्यापकांना अनावृत पत्रे लिहून त्यांना खुनी ठरविले. ज्यांना पटवायचे त्यांनाच त्याने असे शत्रू करून सोडले. मात्र इतके बोलताना हेही विसरता येत नाही की, रोज माता मरत होत्या आणि त्यांना वाचविण्याचा उपाय एका पात्रातील पाण्याइतका सोपा होता. हे ज्याला ठाऊक आहे त्याने शांत कसे राहावे?

१८६५ च्या उन्हाळ्यात त्याचे मन भ्रमिष्ट झाल्याची लक्षणे दिसू लागली. त्याला व्हिएन्नाला नेऊन मनोरुग्णांच्या आश्रमात ठेवण्यात आले. तेथे पहारेकऱ्यांनी त्याला मारहाण केली. शरीरावरील जखम चिघळली, विष रक्तात भिनले आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. कोलेच्का ज्या रोगाने गेला आणि शेकडो माता ज्या रोगाने गेल्या, त्याच जातीच्या रोगाने त्यालाही नेले.

त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्टला, दूर स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेला एक अकरा वर्षांचा मुलगा रुग्णालयात आला होता. जोसेफ लिस्टर या शल्यवैद्याने त्याच्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजविलेली पट्टी बांधली. जखम चिघळली नाही. मुलगा आपल्या पायांनी चालत घरी गेला. लिस्टरला तेव्हा सेमेलवाइसचे नावही माहीत नव्हते. त्याने प्रेरणा घेतली होती ती फ्रान्सच्या लुई पाश्चरच्या संशोधनातून. पुढे १८७९ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत सूतिकाज्वराच्या कारणांवर एक विद्वान व्याख्यान देत होता. पाश्चर मध्येच उठला, फळ्याजवळ गेला आणि त्याने खडूने साखळीसारखे जोडलेले लहान लहान गोळे काढून दाखविले. सेमेलवाइसला जे दाखविता आले नव्हते, ते जंतू हेच होते.

आज बुडापेस्टमधील त्याच्या जन्मघरात वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. १९६९ पासून तेथील वैद्यकीय विद्यापीठाला त्याचे नाव दिलेले आहे. सेंट रोकुश रुग्णालयासमोर त्याचा पांढऱ्या संगमरवरी दगडाचा पुतळा उभा आहे. हा पुतळा १९०६ चा. सेमेलवाइस चौथऱ्यावर उभा आहे. आणि त्याच्या पायाशी, बाळाला कुशीत घेऊन, एक आई बसलेली आहे.